अँजेला बक्स्टन

आज दिवसभर डोक्यात अँजेला बक्स्टनच आहे. टेनिसवेड्या लोकांनाही हे नाव पटकन आठवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ब्रिटिश टेनिसपटू, 1934 चा जन्म, लिव्हरपूलची, ज्यू घरातली. ज्यू म्हणून लंडनच्या क्लबने दार लावून घेतलं, लॉस एंजेलिसला शिकायला गेली तर तिथल्या मोठ्या क्लबातही तेच, मग पब्लिक कोर्टवर खेळत राहिली.

अमेरिकन टेनिसपटू अल्थिया गिब्सनशी तिची गट्टी कुठे जमली, तर आपल्याकडे, भारतात! 1955 च्या शेवटी, अल्थिया अमेरिकन सरकारने पाठवलेल्या टूरवर आली होती. अल्थिया काळी, तिच्याबरोबर डबल्स खेळायला कोणी पुढे येत नव्हतं, ही आली. 1956 ला पॅरिसमध्ये, फ्रेंच स्पर्धेत, सिंगल्सच्या सेमीत दोघी समोरासमोर, आणि मॅच चालू असताना अल्थियाच्या ब्राचा पट्टा तुटला तर अँजेला धावत गेली आणि तिला आडोसा करत कोर्टबाहेर नेलं. सेमी होती हो, ग्रँड स्लॅमची! ती मॅच अल्थिया जिंकली, पुढे टायटलही, आणि डबल्स मात्र दोघींनी मिळून मारलं. मग विम्बल्डनचं डबल्सपण. त्याच विम्बल्डनला अँजेला सिंगल्सच्या फायनलला गेली, 1939 नंतर कुणी ब्रिटिश बाई तिथवर पोचली नव्हती, अमेरिकेच्या शर्ली फ्रायकडून 6-3, 6-1 हरली. नंतर मनगट गेलं आणि बाविशीतच करिअर संपलं.

पण मला तिची खरी कमाई वाटते ती 1995 ची. आजारी, पैसे संपलेले, औषधांचे वांधे, अशा अवस्थेत अल्थियाने तिला फोन केला की आता जीव देते, निरोप घ्यायला फोन केलाय. अँजेलाने आधी स्वतःचे पैसे दिले, मग एका टेनिस मॅगझिनमधून लोकांना मदत मागितली आणि जगभरातून जवळजवळ दहा लाख डॉलर आले. अल्थिया त्यानंतर आठ वर्षं जगली, 2003 पर्यंत.

आणि ज्या विम्बल्डनला अँजेला जिंकली ते भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबची मेंबरशिप? तिने अर्ज केला होता. 2020 ला 85 व्या वर्षी गेली, तोपर्यंत मिळाली नव्हती. मला याचा अजूनही संताप येतो.