सड्यावरून दिसणारी विवरे

कार्तिक शुद्ध दशमीच्या रात्री गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, दुर्बीण लावली होती. पाऊस सरला होता, हवा कोरडी झाली होती आणि चंद्र चांगला वर आला होता. शेजारचा सहावीतला मुलगा बराच वेळ डोळा लावून उभा होता. चंद्रावरचे कोपर्निकस हे 93 किलोमीटर व्यासाचे विवर त्या रात्री उजेड आणि अंधाराच्या सीमेजवळ होते. त्याची एक कड उन्हात लखलखत होती, दुसऱ्या कडेची सावली तळावर पसरली होती आणि मध्यभागी उंचवटे उठून दिसत होते. मुलाने दोन प्रश्न विचारले. "काका, हे सगळे खड्डे गोलच कसे?" आणि थोड्या वेळाने, "आपल्या चिरेखाणीसारखं यात पाणी साचतं का?"

पहिल्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीर्घकाळ अडवून धरले होते, हे मी त्याला सांगितले. गॅलिलिओने 1610 साली हे खळगे दुर्बिणीतून पाहिल्याचे लिहिले, पण त्यानंतर पुष्कळ काळ ती ज्वालामुखींची तोंडे मानली जात होती. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1893 साली आघाताची बाजू मांडली, म्हणजे विवरे आकाशातून आदळलेल्या दगडांनी पडली असे म्हटले, तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली. चिखलात तिरका दगड मारला तर लांबट खळगा पडतो. आकाशातून येणारे दगड काही सगळेच सरळ डोक्यावर पडणार नाहीत. मग विवरे लांबट का नाहीत?

उत्तर वेगात आहे. सेकंदाला 20 किलोमीटर वेगाने येणाऱ्या दगडाच्या प्रत्येक किलोत जी ऊर्जा असते, ती टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोच्या स्फोटातील ऊर्जेच्या चाळीस-पन्नास पट भरते. एवढ्या वेगाने आदळलेला दगड जमीन खणत पुढे जात नाही. तो तेथल्या तेथे दाबला जातो, वितळतो, त्याची वाफ होते आणि आघाताची लाट सर्व दिशांना सारखीच पसरते. म्हणून खळगा दगडाच्या आकाराचा होत नाही, स्फोटाच्या आकाराचा होतो, आणि तो दगडाच्या दहा ते वीस पट मोठा असतो. फारच तिरका, जमिनीला जवळजवळ घासत आलेला दगड मात्र लांबट खूण ठेवतो. तशी विवरे आहेत, पण थोडी.

मधल्या उंचवट्यांसाठी मी त्याला घरच्या कळशीची आठवण दिली. भरल्या कळशीत थेंब पडला की आधी खळगा पडतो आणि लगेच त्याच्या मध्यातून पाण्याचा एक खांब वर उठतो. मोठ्या आघातात खडकही काही क्षण असाच वागतो. खोलवर दबलेला तळ उसळी घेतो आणि उसळलेल्या अवस्थेतच गोठतो. त्यामुळे मध्यवर्ती शिखरांत कित्येक किलोमीटर खालचा खडक आयता वर आलेला असतो. खाण न खोदता ग्रहाच्या पोटातले पाहण्याची अशी सोय दुसरी नाही, आणि विवरांविषयीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

लहान विवरांत हे शिखर नसते. आपले लोणार तसेच आहे: सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाची साधी वाटी. मी तेथे गेलो तेव्हा सरोवराआधी काठावरच्या दगडाकडे पाहत राहिलो. आंबा घाट चढताना काळ्या पाषाणाचे थर पायऱ्यांसारखे आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. लोणारलाही पाषाण तोच, दख्खनच्या लाव्हाचा. पण काठावर त्याचे थर बाहेरच्या बाजूला कलंडले आहेत, जणू कोणी खालून उचलून दुमडले आहेत. तेथील खडकातील काही स्फटिक वितळल्यावाचून, केवळ धक्क्याने काचेसारखे झाले आहेत. ज्वालामुखीत असा धक्का निर्माण होत नाही, म्हणून हा पुरावा निर्णायक ठरला. बेसाल्टमधले, म्हणजे या काळ्या पाषाणातले, इतके शाबूत विवर पृथ्वीवर विरळाच सापडते, आणि चंद्रावरच्या काळसर मैदानांचा खडकही बेसाल्टच असल्याने लोणारचा अभ्यास थेट तिकडे उपयोगी पडतो. त्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे येतात, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार.

असे विवर कोकणात पडले असते तर किती टिकले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच पावसाने युगानुयुगे काळा पाषाण कुजवून त्याचा जांभा केला, आणि ज्या सड्यावर आम्ही उभे होतो तो त्याच जांभ्याचा. पृथ्वीवर ओळखली गेलेली आघात विवरे जेमतेम दोनशेच्या घरात आहेत ती यामुळेच. चंद्राइतकाच मार पृथ्वीनेही खाल्ला. पण पाणी, वारा आणि भूपट्टांची हालचाल यांनी खुणा पुसल्या.

याच गोष्टीवरून पृष्ठभागाचे वय काढता येते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातली धूळ पाहावी. जिथे सर ओसरत असताना कोणी झाडू फिरवला असेल तिथे थेंबांचे खळगे थोडे, बाकी जागी दाट. पावलाच्या ठशावर खळगे असतील तर माणूस सरीआधी गेला. पागोळ्यांखाली तर इतके खळगे पडतात की नवा खळगा जुन्याला मिटवतो आणि संख्या वाढतच नाही. चंद्राच्या उजळ, उंच भागांची तीच अवस्था आहे, आणि काळसर मैदानांवर विवरे कमी आहेत, कारण लाव्हाने ती नंतर सारवली. अपोलो मोहिमांनी 1969 ते 1972 या काळात तेथील खडक आणले आणि त्यांची वये प्रयोगशाळेत मोजली गेली, तेव्हा विवरांच्या या मोजणीला खरी वर्षे जोडता आली. मैदानांतले बरेचसे नमुने तीन ते चार अब्ज वर्षांचे निघाले. तेच माप थोड्याफार फेरफाराने इतरत्र लावतात. शुक्रावर हजाराच्या आतबाहेर विवरे आहेत, म्हणजे त्याचे पृष्ठ तुलनेने तरुण. गुरूच्या आयो या चंद्रावर एकही आघात विवर सापडलेले नाही, इतक्या वेगाने तेथील ज्वालामुखी जमीन नवी करतात. आणि त्याच गुरूचा कॅलिस्टो विवरांनी गच्च भरलेला आहे.

पाण्याचा प्रश्न राहिला होता. मंगळावर काही विवरांभोवती उडालेला माल चिखलासारखा वाहत पसरलेला दिसतो. जमिनीखालचे बर्फ आघाताने वितळल्याची ती खूण मानली जाते. डिसेंबर 2021 मध्ये तेथे एक अशनी आदळला, त्याचा हादरा मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने नोंदवला आणि सुमारे दीडशे मीटरच्या त्या ताज्या विवराभोवती बर्फाचे तुकडे विखुरलेले छायाचित्रांत दिसले. चंद्रावर चिरेखाणीसारखे पाणी साचत नाही, कारण हवेचा दाबच नाही. परंतु दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगतच फिरतो, त्यामुळे काही विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत ऊन पोहोचलेले नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये कॅबियस या अशाच एका विवरात अग्निबाणाचा रिकामा टप्पा मुद्दाम आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात पाण्याची वाफ आणि बर्फ सापडले.

हे ऐकून त्याने पुन्हा डोळा लावला आणि दुर्बीण चंद्राच्या दक्षिण टोकाकडे न्यायला सांगितली. तेथे विवरे एकमेकांत मिसळून गेलेली दिसत होती, आणि कडेशी उन्हाचे काही ठिपके काळोखात सुटे तरंगत होते.