तुम्ही विचारलंत म्हणून: मामा तलाव कुणाच्या मामाचा?

पुण्यात नोकरीला आल्यापासून हा प्रश्न किमान पन्नास वेळा झालाय. मी गोंदियाचा म्हटलं की समोरचा हसत विचारतो, तुमच्याकडे ते मामा तलाव असतात ना, कुणाच्या मामाचे? मामा म्हणजे 'माजी मालगुजारी' हो. मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळात गावचा सारा गोळा करून भरणारा जमीनदार. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, कागदावर माजी मालगुजारी चढलं आणि लोकांच्या तोंडी मामा राहिला, बस. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांच्या वर आहेत, त्यामुळे आमच्याकडे पत्ता सांगायचा तरी पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) सरळ जा, तुडमाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) वळ, असाच सांगतात.

पण मालगुजाराचं नुसतं नाव, खोदणारे कोहळी, म्हणजे आमच्याकडचा तलाव बांधणारा शेतकरी समाज. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची, मग धानाला पाणी हवं म्हणून हे लोक डोंगराचा उतार बघून दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ टाकत गेले, ना इंजिनिअर ना नकाशा. नवेगावबांधचा तलाव बघा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला म्हणतात, आणि भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे त्याला मदत करणाऱ्या सात बहिणी! कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं तिथल्याच एका टेकडीवर आहे. धरण बांधून देव झालेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही (आजकालच्या कॉन्ट्रॅक्टरांचं वेगळं).

तलावाच्या काठाला ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची वस्ती, त्यांचं पोट मासळीवर. मालगुजारी गेल्यावर दुरुस्ती कोणी करायची हेच ठरेना, गाळ साचला, बेशरम नावाचं तण माजलं, देशी मासे कमी झाले. मग अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनीच पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि जुन्या देशी पाणवनस्पती परत लावल्या, कारण मासा त्यातच अंडी घालतो, आणि हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचायची गरज नव्हती. माझ्या मते बघायला जायचं तर हे बघायला जा. बाकी सारस बघायचा तर परसवाड्याचा तलाव आहे, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, ते तुम्हाला गुगल सांगेलच.

आणि हो, तलावात देवधान होतं, न पेरता आपोआप येणारा रानटी भात. दाणा पिकला की लगेच पाण्यात गळतो म्हणून वेळ साधून झोडून घ्यावा लागतो. आमची आई ऋषिपंचमीला त्याचाच भात करायची, जमिनीवर नांगरून काढलेलं त्या दिवशी चालत नाही ना. आता बाजारात मिळालं तर मिळालं.