विरजणातला सामू

पहिल्या वर्षाच्या मुलांना सामू, म्हणजे पीएच, आम्लता मोजायचा अंक (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), शिकवताना मी आईच्या विरजणापासूनच सुरुवात करते. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६. विरजणातले जिवाणू लॅक्टोजपासून, म्हणजे दुधातल्या साखरेपासून, लॅक्टिक आम्ल बनवतात आणि तो ४.६ च्या आसपास उतरतो. फरक दोनाचाच वाटतो ना? पण ही मोजपट्टी लॉगरिदमची, एक अंक उतरला की दहापट. दोन अंक उतरले म्हणजे आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन शंभरपट झाले! दुधात केसिन या प्रथिनाचे कण ऋणभारित असतात, एकमेकांना दूर ढकलत तरंगतात. ४.६ ला त्यांचा निव्वळ भार शून्य होतो, ते एकमेकांना बिलगतात आणि दही लागतं. मला स्वतःला हे एमएस्सीत उमगलं. तोवर नुसतं सूत्र पाठ होतं. थंडीत आई पातेलं पिठाच्या डब्यात ठेवायची. जिवाणूंना ऊब लागते.