समेवर बास गप्प

परवा वांद्र्याच्या एका छोट्या हॉलमध्ये चौघांनी 'ऑटम लीव्ह्ज' लॅटिन जॅझच्या ढंगात वाजवलं. पियानो, डबल बास, ड्रम्स, काँगा (हातांनी वाजवायचे उंच क्यूबन ढोल). जोझेफ कोस्माची ही १९४५ची चाल, मुळात फ्रेंच गाण्याची. एरवी हळवी, जराशी रडवीच वाजते. इथे सुरुवातीलाच क्लाव्हे, म्हणजे क्यूबन संगीताचा पायाभूत ठेका: दोन बारमध्ये (चार-चार मात्रांच्या दोन तुकड्यांत) पाच ठोके, आधी तीन, मग दोन. लहानपणापासून तबला ऐकलेला माझा हात मांडीवर सम शोधत होता, आणि बासवाला नेमका समेवरच गप्प! पुढच्या बारचा सूर तो आधीच्या चौथ्या मात्रेवरच वाजवून मोकळा. लोकल थांबायच्या आधीच उतरणाऱ्या माणसासारखी चाल सतत पुढे झुकलेली.

पियानोचा सोलो लांबला. बोटं फार, म्हणणं थोडं. साथीला त्याचा मोंटुनो, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा ठेकेदार तुकडा, मात्र झकास. मधल्या भागात अचानक स्विंग, जॅझची ती झुलती लय, आणि मग पुन्हा काँगा. हा बदल मला सगळ्यात आवडला.

मुंबईला हा मसाला नवा नाही म्हणा. आपल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त (१९५१) 'शोला जो भडके'ला बाँगो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन एकत्र आणले होतेच; सोबतीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. घरी आल्यावर तेच लावलं, दोनदा.