होडीने पाहुणे म्हणून जाताना: मुंबई ते जयगड, भरतीच्या हिशोबाने

शिडाच्या होडीने कोकण किनाऱ्याची आठ-दहा दिवसांची सफर ठरली की घरातूनच यादी यायला लागते. मुरूड-जंजिऱ्याला चुलत आजोबांचं घर, हर्णैला आत्याची नणंद, जयगडला मावसभावाची सासुरवाडी. जरूर जा. एरवी लग्नाकार्यातच दिसणारी माणसं घरी भेटण्याचा हा फार चांगला योग असतो. फक्त फोनवर "रविवारी दुपारी एकला जेवायला येतो" असं सांगून टाकू नका. आधी पंचांग उघडा.

मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशोब चालतो. पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, मधली ओहोटी सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून बेत या हिशोबाने आखावा आणि निघताना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्का करावा. दक्षिणेकडे जावं तशी भरती लवकर येते आणि पाणीही कमी चढतं. मुंबईची वेळ रत्नागिरीला तशीच लावली तर काठावर पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असतं.

आता हे भेटीला कसं लावायचं? दुपारचं जेवण असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस. भरती बारा ते दीडच्या दरम्यान, म्हणजे अकराच्या सुमारास डिंगीने (होडीसोबतच्या छोट्या वल्ह्यांच्या नावेने) उतरून तीनपर्यंत परत फिरता येतं. चतुर्थी-पंचमीला जेवण जमत नाही, चहा जमतो. मुक्कामासाठी आमच्या मते अष्टमीसारखा दिवस नाही. संध्याकाळी सहाच्या भरतीला उतरायचं, मध्यरात्रीच्या ओहोटीत चिखलाकडे फिरकायचंही नाही आणि सकाळी साडेसहाच्या भरतीला निघायचं. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. मुंबईत मोठ्या उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला) पाण्याची चढउतार साडेचार मीटरच्या आसपास, तर भांगाला दोनच्या आसपास, त्यामुळे ओढही कमी. तोटा एकच: भांगाची भरती खाडीच्या मुखावर फार पाणी देत नाही. मुखाशी वाळू साचलेल्या आंजर्ल्यासारख्या खाडीत दीड मीटर बूड (पाण्याखालचा भाग) असलेली होडी त्या दिवशी घालू नये.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत किंवा उतरत नाही. पहिल्या तासात एकूण चढउताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. त्या वेळी खाडीच्या मुखाशी वल्ह्यांवर डिंगी ओढायला जाल तर जागच्या जागी राहाल किंवा बाहेर जाल. जेवणानंतर "थोडं पडा की" असा आग्रह होतो तो नेमका याच वेळेला. घरच्यांना पोचल्यावर लगेच निघायची वेळ सांगून ठेवा. कोकणातल्या माणसाला "पाणी सुटायच्या आत निघायचंय" हे कारण पटतं, कोणी राग धरत नाही.

सणांचंही असंच. गणपतीला सगळी भावकी गावी असते, पण समुद्र तेव्हा छोट्या होडीचा नसतो, गाडीनेच जा. शिमगा मात्र पौर्णिमेचा, दिवाळी अमावास्येची. दोन्हीला घरं भरलेली आणि भरती दुपारी बाराला. पण उधाण असतं आणि मार्चात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, हे लक्षात ठेवा. आम्हांला सगळ्यांत आवडतो तो तुळशीच्या लग्नाचा पंधरवडा, कारण पाऊस संपलेला असतो आणि हवा स्वच्छ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळंही होतात (२००९ चं फयान नोव्हेंबरातलंच), म्हणून हवामान खात्याचा आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज रोज सकाळी बघायचाच.

अंतराचा हिशोब अक्षांशावरून चटकन होतो, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. गेटवे १८ अंश ५५ मिनिटांवर, जंजिरा १८-१८, हर्णै १७-४९, जयगड १७-१८. किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्याने वजाबाकीत वळशाचे चार-पाच मैल मिळवले की झालं. मुरूड चाळीसेक मैल, पाच नॉटच्या (तासाला पाच सागरी मैल) होडीला आठ तास. पहाटे मतलई (जमिनीवरून येणाऱ्या) वाऱ्यावर निघा, खांदेरी आणि चौल कडूचे खडक बाहेरून टाका, दुपारचा खारा (समुद्रावरून येणारा) वारा पाठीशी घ्या. अंधारात किनाऱ्यालगत जाऊ नका. डोलीच्या जाळ्यांचे खुंट आणि बोये रात्री दिसत नाहीत, दोर पंख्यात गुंतला तर इंजिन बंद, आणि नुकसान होतं ते एखाद्या मच्छीमाराच्या जाळ्याचं.

नांगर टाकताना आत्ताची खोली नव्हे, भरतीची खोली धरा. ओहोटीला चार मीटर पाणी, उधाणाचे चार, पाण्यापासून होडीच्या टोकापर्यंत एक, असे नऊ मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे ४५ मीटर साखळी-दोर सोडायचा, वारा वाढला तर सातपट. खाडीतला चिखल नांगर चांगला धरतो, खडकाळ तळ धरत नाही. राजपुरी आणि जयगडच्या खाडीत आडोसा मिळतो, हर्णैला होडी बरीच उघड्यावर राहते, तिथे मुक्कामाचं आमंत्रण घेऊ नये. प्रवाह फिरला की होडीही फिरते, म्हणून एक माणूस होडीवर हवाच. सगळ्यांनी एकदम जेवायला जाणं ही या प्रकारातली सगळ्यांत महागात पडणारी चूक. दोन पाळ्या करा. यजमानांना हे आधी सांगितलं नाही तर "तो का नाही आला?" यावर घरात उगाच चर्चा होते.

आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींच्या उतारावर डिंगी बांधू नका. धक्क्याला बांधाल तर लांब दोराने, नाहीतर ओहोटीला ती दोरावर लटकलेली सापडते. सागरी पोलीस चौकशी करतात, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि होडीची कागदपत्रं जवळ हवीत. परदेशातून आलेला भाऊ सोबत असेल तर त्याचा सॅटेलाइट फोन आणू देऊ नका, आपल्याकडे तो परवान्याशिवाय चालत नाही. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३, हे दोन्ही मागे राहणाऱ्या घरच्यांनाही देऊन ठेवा.

घर बंदराला लागून असेलच असं नाही. दापोली हर्णैपासून पंधरा किलोमीटर, येणंजाणं धरलं तर भरतीच्या चार तासांतला एक गेला. एका वाडीत भावकीची दोन घरं असतील तर दोन्हीकडे चढा, दुसऱ्या घरी नुसतं पाणी घेतलं तरी पुरतं. एप्रिल-मे मध्ये विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, कपड्यांचं गाठोडं घेऊन जाऊ नका. आंघोळीला एक बादली. मदत मागायचीच असेल तर डिझेलची मागा. मच्छीमार सोसायटीचं सवलतीचं डिझेल मासेमारी बोटींसाठी असतं, आपल्याला रस्त्यावरच्या पंपावरून २० लिटरचे दोन कॅन आणावे लागतात आणि त्याला गाडीवाला भाचा लागतो.

निघताना नारळ आणि आंबे मिळणारच, नको म्हणू नका. पाच डझनांची पेटी पंधरा-सोळा किलो भरते. ती होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, ठेवली तर नाळ लाटेत घुसते, म्हणून मधे, खाली, दोराने बांधून ठेवायची. आंबे पिकताना उष्णता आणि वायू सोडतात, बंद कप्प्यात दोन दिवसांत नासतात. पेटीची झाकणं काढून कप्पा उघडा ठेवा आणि केळी लांब ठेवा.

काका-काकूंना होडी बघायची असते. त्यांना पूर्ण भरतीच्या आधी अर्धा तास, प्रवाह मंदावल्यावर न्या. डिंगीत एका वेळी एकच पाहुणा, लाइफ जॅकेट काठावरच घालून. होडीवर चढताना मागच्या शिडीने, आधी हात धरायला माणूस वर, मग पाहुणा. लाट फुटत असलेल्या पुळणीवरून म्हाताऱ्या माणसाला डिंगीत बसवू नये, कितीही आग्रह झाला तरी.

परतीला वायव्येचा वारा समोर येतो. रात्री उशिरा किंवा पहाटे किनाऱ्यापासून बरंच बाहेरून इंजिनवर निघून अकरा-बारापर्यंत पुढचं बंदर गाठायचं, म्हणून दक्षिणेला जाताना टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. राहून गेलेली घरं परतीवर ढकलायची असतील तर त्यांना तारीख देऊ नका, दोन-तीन तिथी सांगा आणि आदल्या संध्याकाळी फोन करा.