आधी ओळखा, मग धुवा: दागिने घरी साफ करण्याचा माझा अनुभव

घरातले सगळे दागिने एकदम बाहेर काढायचे आणि एका बैठकीत साफ करायचे, असं मी वर्षातून दोनदा करते. त्यातला जवळजवळ अर्धा वेळ पाण्याला हातही न लावता जातो. तो जातो नुसता बघण्यात आणि वेगवेगळे ढीग करण्यात. घरच्या सफाईत दागिना बिघडतो तो बहुतेक वेळा हीच पायरी गाळल्यामुळे.

दागिना काळपट दिसतोय, या एकाच तक्रारीमागे तीन निरनिराळी कारणं असतात. पहिलं मळ: त्वचेचं तेल, क्रीम, साबणाचा थर, धूळ. हा धुतला की जातो. दुसरं, धातूवर चढलेला काळेपणा. ती रासायनिक क्रिया आहे, साबणाने हलत नाही. तिसरं झीज, म्हणजे मुलामा उडून खालचा धातू उघडा पडणं. ती साफ होत नाहीच, उलट घासाल तितकी वाढते. ओळखण्यासाठी मी ओलसर मऊ कापड दागिन्यावरून फिरवते. कापडाला राखाडी चिकटपणा लागला की मळ. कापड जवळपास स्वच्छच राहिलं आणि चांदीवर पिवळसर, तपकिरी किंवा निळसर-काळी छटा तशीच दिसली, तर काळेपणा. आणि रंगातला फरक अंगठीच्या तळाशी, कडांवर, हुकाजवळ, म्हणजे जिथे सतत घासलं जातं तिथेच असेल, तर मुलामा गेलेला आहे. असा दागिना मी ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करते, बस. मुलाम्याचा थर अनेकदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याला पॉलिश परवडत नाही. पांढऱ्या सोन्यावर बहुतेक वेळा ऱ्होडियम या पांढऱ्या, चकचकीत धातूचा मुलामा असतो, त्यालाही हाच नियम.

यानंतर खडे तपासते. दागिना कानाजवळ धरून हलकेच हलवायचा. खडखड ऐकू आली तर खडा सैल आहे. खडा धरणाऱ्या नख्यांवरून लोकरीचा धागा फिरवला की वर उचललेल्या नखीत तो अडकतो. सैल खड्याचा दागिना मी पाण्यात घालत नाही, तो कारागिराकडे जातो. कित्येकदा मागे साचलेल्या मळानेच खडा धरून ठेवलेला असतो, आणि मळ सुटला की खडाही सुटतो.

आता धुणं. साधं सोनं, हिरा, माणिक, नीलम यांना एकच पाणी चालतं: एका वाडग्यात पाव लिटर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब. अंगाचा साबण नको. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी मिळून साबणाची पांढरी साय तयार होते आणि ती खड्यावरच बसते. पाणी इतकंच कोमट की हात सहज बुडवून ठेवता यावा. वीस मिनिटं भिजवायचं. घाई करून पाच मिनिटांत ब्रश हातात घेतला की वाळलेला मळ नुसता इकडून तिकडे सरकतो.

हिऱ्याचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखं आहे: त्याच्या पृष्ठभागाला तेल फार चटकन धरतं. म्हणून रोज वापरातला हिरा इतक्या लवकर मंद दिसतो. पण वरून कितीही पुसला तरी उपयोग होत नाही, कारण खरा मळ खाली असतो. अंगठी उलटी करून भिंगातून बघा. खड्याच्या मागच्या पोकळीत ओल्या राखेसारखा करडा लगदा गच्च बसलेला दिसेल. वरून शिरलेला प्रकाश खड्याच्या मागच्या पैलूंवरून परतायला हवा. तिथे तेल लागलं की बराचसा बाहेर निसटतो आणि चमक जाते. म्हणून मी लहान मुलांचा अगदी मऊ टूथब्रश घेते आणि खालूनच सुरुवात करते. जोर अजिबात लावत नाही, ब्रशची टोकं फक्त कंपवत ठेवते. उरलेला लगदा लाकडी टूथपिकच्या टोकाने काढते. सुई नको, तिचे ओरखडे सोन्यावर उमटतात. मग स्वच्छ कोमट पाण्याचे दोन वाडगे आणि दोनदा खळबळणं. बेसिनच्या उघड्या जाळीवर कधीही नाही. हातून निसटलेलं कर्णफूल परत मिळत नाही.

टूथपेस्टबद्दल स्पष्टच सांगते: वापरू नका. तिच्यात घासणारे कण असतात, आणि सोनं-चांदी कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर जेमतेम २.५ ते ३ वर आहेत. घासल्यावर क्षणभर लखलखाट दिसतो, पण तिरप्या उजेडात धरलं की बारीक रेघांचं जाळं दिसतं, आणि त्या रेघांमध्ये पुढचा मळ आणखी घट्ट बसतो. ब्लीचही नको. क्लोरीन सोन्यात मिसळलेल्या इतर धातूंवर हल्ला करतं. डाखाचे (सोल्डरने जोडलेले) सांधे आणि नख्या ठिसूळ होतात आणि एक दिवस अचानक तुटतात.

काही खडे या वाडग्यापासून लांबच ठेवते. पाचूच्या भेगांमध्ये बहुधा तेल भरलेलं असतं. गरम पाण्याने किंवा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या) यंत्राने ते निघून जातं आणि झाकलेल्या भेगा दिसू लागतात. ओपलच्या अंगातच पाणी असतं, तापमान एकदम बदललं की तो तडकतो. पिरोजा सच्छिद्र, साबण आणि तेल पिऊन त्याचा रंग बदलतो. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, अगदी घामसुद्धा त्याची झळाळी खातो. हे सगळे फक्त ओलसर मऊ कापडाने पुसायचे. मोत्यांची माळ भिजवली तर दोरा ताणून लांबतो आणि कुजतो. पुसल्यावर ती टांगू नका, सपाट कापडावर रात्रभर पसरून ठेवा.

चांदीचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी बनलेलं. तो घासून काढला की त्यातली चांदीही जाते. म्हणून साध्या, बिनखड्याच्या चांदीसाठी मी ॲल्युमिनियमची पद्धत वापरते. काचेच्या भांड्यात फॉइल अंथरते, चमकती बाजू कुठली याने काही फरक पडत नाही. दागिने आधी भांड्यांच्या त्याच सौम्य द्रवाने धुऊन घेते, कारण तेलकट थराखाली क्रिया होत नाही. ते फॉइलवर ठेवून वर दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ आणि एक लिटर कडकडीत पाणी. बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा, तेव्हा खिडकी उघडी असू द्या. काळा रंग आधी तपकिरी, मग पिवळा होत डोळ्यांदेखत उतरतो. काही झालंच नाही, तर बहुतेक वेळा दागिना फॉइलला टेकलेला नसतो. ॲल्युमिनियम आणि चांदी यांचा प्रत्यक्ष स्पर्श हवाच. पाच मिनिटांत काम होतं. नंतर चांदी थोडी निस्तेज, पांढुरकी वाटेल. कोरड्या मऊ कापडाने हलकं पॉलिश केलं की उजळते. मात्र नक्षीच्या खाचा मुद्दाम काळ्या केलेल्या ऑक्सिडाइज्ड चांदीला हे करू नका, ती शोभा सगळी धुऊन जाईल. गोंदाने बसवलेल्या खड्यांनाही नाही, गरम पाण्याने गोंद सुटतो.

वाळवण्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. टिश्यू पेपर नख्यांत अडकतो आणि चांदीवर ओरखडे पाडू शकतो. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड बरं. साखळीच्या कड्यांत आणि फिरकीच्या आट्यांत पाणी राहतं, त्यासाठी हेअर ड्रायरचा थंड झोत आणि वर तासभर उघड्यावर.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळा, नाहीतर हिरा शेजारच्या सगळ्यांना ओरखडतो. चांदी झिपच्या पॉलिथिन पिशवीत, हवा दाबून काढून. तिच्याजवळ रबरबँड आणि लोकर नको, दोन्हींत गंधक असतं. मोत्यांना मात्र हवाबंद पिशवी सोसत नाही, फार कोरडे पडले तर त्यांना बारीक चिरा जातात, म्हणून ते सुती पिशवीत. बारीक साखळी ठेवताना हूक लावून टाकते आणि तेवढंच टोक पिशवीच्या तोंडाबाहेर ठेवते, म्हणजे गाठी पडत नाहीत.