सोसायटीने कुत्र्याच्या शीसाठी ५०० रुपये दंड लावला तेव्हा – माझा अनुभव

आधीच सांगते, कुत्रा आपला तर त्याची शी पण आपलीच, ती आपणच उचलायची, यावर मला वाद घालायचाच नाहीये. आमचा चिकू सहा वर्षांचा, इंडी म्हणजे आपला देशी कुत्रा. सकाळी सव्वासहाला नाशिकच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाजूच्या रस्त्याने आम्ही फिरतो आणि माझ्या खिशात पिशव्यांचा रोल असतोच. पिशवी हातात उलटी घालायची, उचलायचं, सुलट करून गाठ मारायची, दहा सेकंद लागतात. म्हणून जुलैच्या मेंटेनन्स बिलात "श्वान विष्ठा दंड ५००" अशी ओळ दिसली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

बिलाला एक नोटीस पिन केलेली, पार्किंगच्या खांबाजवळ अमुक तारखेला घाण आढळली म्हणून. आमचा फ्लॅट नंबर व्हाइटनरवर निळ्या पेनने लिहिलेला, आणि कागद खिडकीशी धरला तर खाली टाईप केलेला नंबर दुसराच दिसत होता. त्यात त्या तारखेला आम्ही चिकूसकट सिन्नरला माझ्या माहेरी होतो! सेक्रेटरी काकांना दाखवलं तर म्हणाले, टायपिंग मिस्टेक असेल, तुम्ही भरून टाका ना, पाचशेच तर आहेत.

पाचशे कुठून आले विचारलं तर म्हणे मुंबईत पाचशेच आहे. बरोबर आहे, मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधीत (बायलॉजमध्ये) पाळीव प्राण्याने केलेल्या घाणीला ५०० रुपये दंड आहे. पण तो महापालिकेचा, सार्वजनिक जागेसाठी. सोसायटीने तो उचलून आपल्या बिलात चिकटवायचा नसतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने (ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने) २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी सूचना काढल्या आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की केंद्राचा किंवा राज्याचा तसा कायदा नसेल तर सोसायटी शी उचलायची सक्ती किंवा दंड करू शकत नाही, विनंती करू शकते. आणि सोसायटीच्या आदर्श उपविधीतही उपविधी मोडल्याबद्दल दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची, सभासदाचं म्हणणं ऐकायचं, मग पुढचं. आमच्याकडे थेट बिल.

मी सरळ लेखी अर्ज दिला की ज्या मीटिंगमध्ये दंड ठरला त्या ठरावाची प्रत द्या. सभासदाला फी भरून इतिवृत्ताची, म्हणजे मीटिंगच्या नोंदीची, प्रत मागता येते, सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये तो हक्क आहे. मला वाटलं दोन दिवसांचं काम. इथेच सगळं अडकलं.

ऑफिस उघडतं मंगळवारी आणि शनिवारी, संध्याकाळी सात ते आठ. पहिल्या मंगळवारी मॅनेजर म्हणाला रजिस्टर काकांच्या घरी आहे. शनिवारी काका म्हणाले ऑडिटरकडे गेलंय. पुढच्या मंगळवारी मॅनेजरच सुट्टीवर, कुलूप. मी पावसात छत्री धरून उभी, आणि खालचे वॉचमन मामा मला सांगतात ताई, आज नाही होणार. त्यानंतर "गणपती झाल्यावर या". गणपती झाले तर "आता पितृपक्ष लागला, कमिटीतले बरेच जण गावाला गेलेत". दर वेळी मी ऑफिसमधून सुट्टी नाही पण अर्धा तास लवकर निघत होते, पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमधून धावत येत होते, आणि कपाटात समोर तीन रजिस्टरं दिसत होती त्यातलं कुठलं ते कोणी उघडून बघत नव्हतं. एकदा मी म्हटलं मी इथेच बसून वाचते, प्रत नको, तर मॅनेजर म्हणाला मॅडम, माझी नोकरी जाईल. त्या मुलाचा मला राग नाही आला, पण त्याला पुढे करून मागे बसणाऱ्यांचा आला, आणि तो अजून गेला नाहीये.

हे आधी सांगायला हवं होतं, सीसीटीव्हीचं फुटेज पहिल्याच दिवशी लेखी मागा. आमच्याकडे पंधरा दिवसांनी त्यावर नवीन रेकॉर्डिंग होतं, मी तोंडी मागत राहिले आणि गेलं ते. मेंटेनन्सही थांबवू नका, थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. मी दंड वगळून बाकी वेळेत भरलं आणि सोबत "दंडाला हरकत आहे" असं पत्र दिलं, त्याच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घेतला. सही द्यायला पण टाळाटाळ झाली, तर तेच पत्र मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

शेवटी काम झालं ते वार्षिक सभेमुळे. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून मी अर्ज दिला की हा विषय अजेंड्यावर घ्या आणि जुलैचं इतिवृत्त सभेत वाचा. त्यानंतर तीनच दिवसांत रजिस्टर सापडलं! त्यात ठराव नव्हताच, फक्त "श्वानांच्या घाणीबाबत चर्चा झाली" एवढीच ओळ. सभेत मी व्हाइटनरवाली नोटीस फिरवली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो कागद ट्यूबलाइटखाली धरून आतला नंबर मोठ्याने वाचला आणि दंड तिथेच रद्द झाला. खरं सांगते, घरी येऊन मी रडले.

त्याच सभेत मी मागितलेली, शीच्या पिशव्या टाकायची झाकणाची बादली गेटजवळ आली, हे जास्त महत्त्वाचं. लोक उचलत नाहीत त्याचं अर्धं कारण टाकायला जागा नाही हे आहे. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात ही पिशवी देऊ नका, ओल्याचं खत होतं. घरी शक्य असेल तर पिशवी न टाकता नुसती शी टॉयलेटमध्ये फ्लश करा. पावसाळ्यात वर्तमानपत्र नेऊ नका, हातातच विरघळतं. आणि "खत होईल" म्हणून झाडाखाली तर सोडूच नका. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यातल्या जंतांची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात, त्यामुळे त्याच दिवशी उचललं तर उपयोग. त्याच मातीत आपली पोरं खेळतात आणि पाऊस आला की सगळं नासर्डी नदीत आणि पुढे गोदावरीत जातं.

चिकूचं लायसन्स आणि रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट आधीच होतं, त्याची झेरॉक्स प्रत्येक अर्जाला जोडली.

ऑक्टोबरच्या बिलात ५०० परत जमा दिसले. पण त्यावर तीन महिने लावलेलं २६ रुपये २५ पैसे व्याज तसंच आहे. त्याचा अर्ज लिहून ठेवलाय, मंगळवारी सात वाजता देणार आहे.